उभ्या गाडीचं फाटक

दाजी,

तुमच्या जाण्यानं एका युगाचा अस्त झाला.

हे वाक्य माझं नाही. समाजाच्या वाडीबाहेर, म्हणजे हॉलबाहेर, जो फ्लेक्स लागलाय त्यावर तुमच्या फोटोखाली ते छापलं आहे. मागच्या महिन्यात त्याच जागी एका साडीच्या दलालाचा फोटो होता, त्याच्याखालीही हेच होतं. फ्लेक्सवाल्याकडे ते तयारच असतं, फक्त फोटो बदलतो. सुरतेच्या ह्या गोडादऱ्यात युगं फार भराभर संपतात.

तुमचा फोटो तुमच्या निलेशनं आधार कार्डावरून मोठा करून घेतला. त्यात तुम्ही नुकतंच कुणीतरी तुम्हाला फसवल्यासारखे बघताय. मी त्याला दुसरा शोध म्हणणार होतो, पण वाडीत त्या संध्याकाळी जे काही बोललं गेलं ते ऐकताना तुमचा चेहरा असाच झाला असता, म्हणून गप्प बसलो.

इतकी वर्षं इथं राहून आपणही आता शोकसभेला बेसणं म्हणायला लागलोय. तर तुमच्या बेसण्याला छोटी लाईन स्मृती समितीचे अध्यक्ष बापूसाहेब बोलायला उभे राहिले. बापूसाहेबांची एम्ब्रॉयडरीची मशिनं आहेत, आवाज चांगला आहे, आणि त्या छोट्या लाईनच्या गाडीत ते उभ्या आयुष्यात बसलेले नाहीत. त्यांनी तुम्हाला ‘लोहमार्गाचा तपस्वी’ म्हटलं. दाजी, तुम्ही आणि तपस्वी! चहात साखर कमी पडली म्हणून तुम्ही आठवडाभर माझ्या घराची पायरी चढला नव्हतात. मग त्यांनी वऱ्हाडाच्या टेम्पोची गोष्ट सांगितली. ‘कर्तव्यापुढं हिलालदाजींनी नवरदेवसुद्धा पाहिला नाही,’ असं म्हणून ते थांबले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेसण्याला टाळ्या. तुमच्या शेजारची उदबत्ती हलली.

आणि मग त्यांनी जाहीर केलं की ज्या जागी ती घटना घडली तिथंच समितीतर्फे ‘हिलालदाजी स्मृती फाटक’ उभारण्यात येईल. बायकांच्या बाजूला माझी अक्का इतका वेळ जमिनीकडे बघत बसली होती. तिनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

मला तुमचा राग आला तो त्या क्षणी. कारण फाटकाला तुमची साफ ना होती, आणि ती ना अख्ख्या सुरतेत तुम्ही मलाच सांगून ठेवली होती. मेहुण्याला. म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेतून रिटायर झालेल्या मास्तराला, ज्याचं घरी कुणी ऐकत नाही आणि समितीत तर नाहीच. सांगण्यासारखी दुसरी माणसं नव्हती का तुम्हाला?

खरं तर मी तुमच्याकडून वर्षानुवर्षं भलतंच काही मागत होतो. मला त्या छोट्या लाईनचा इतिहास लिहायचा होता. जुन्या काळी एका राजाला जंगलातला साग हवा होता आणि इंग्रजांना तो राजाकडून हवा होता, म्हणून मुख्य लाईनवरच्या जंक्शनापासून जंगलापर्यंत अरुंद रूळ टाकले गेले. साग संपला, रूळ राहिले. रूळ आहेत म्हणून गाडी राहिली, आणि गाडी आहेच तर माणसं बसायला लागली. टोपल्या घेतलेल्या आदिवासी बायका, मोहफुलांची पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या, ऊसतोडीला आलेले आपले खान्देशी मजूर. गार्डच तिकिटं फाडायचा. गँगवाले पहाटे हातोडे घेऊन रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत जायचे. आणि तुम्ही होतात.

तुमचं काम मी लोकांना समजावून सांगितलं की ते आधी हसतात. मोठ्या लाईनवर प्रत्येक फाटकाला आपला माणूस असतो. छोट्या लाईनवर एवढी माणसं कोण ठेवणार? म्हणून फाटकवाला गाडीतच बसवलेला. रस्ता आला की गाडी फाटकाच्या अलीकडं थांबायची. तुम्ही पुढच्या डब्यातून उतरायचे, रस्त्याचे दोन्ही पल्ले ओढून बंद करायचे, हिरवं निशाण दाखवायचे. गाडी रस्ता ओलांडून पलीकडं पुन्हा थांबायची. तुम्ही पल्ले उघडायचे आणि पळत जाऊन मागच्या डब्यात चढायचे. गार्ड शिटी मारायचा. पुढच्या फाटकाला पुन्हा तेच. पुढच्या डब्यातून उतरायचं असल्यामुळं मधल्या वेळात मागून पुढं जायचं, तेही कोंबड्यांवरून आणि टोपल्यांवरून. अख्खी नोकरी तुम्ही ज्या गाडीत बसला होतात तिच्याच मागं धावत काढली.

मला ह्यात काव्य दिसायचं. तुम्हाला गुडघे दिसायचे.

‘दाजी, पहिल्यांदा वाफेचं इंजिन गेलं आणि डिझेलचं आलं, तेव्हा लोकांना काय वाटलं?’

‘लोकांना वाटलं आता तरी वेळेवर येईल.’

‘आली का?’

‘मास्तर, इंजिन बदललं होतं. फाटकं तीच होती.’

माझ्याशी तुम्ही मुद्दाम असं पुस्तकी मराठी बोलायचे. अक्काशी, निलेशशी, ओट्यावर येणाऱ्या लूमवाल्यांशी अहिराणी; मी आलो की लगेच वर्गात उभं राहिल्यासारखं स्वच्छ मराठी. ती माझी टिंगल होती हे मला कळायला बराच काळ गेला. मग कळूनही मी काही म्हटलं नाही, कारण तुम्ही बोलायचे तरी.

लाईन बंद झाल्याची नोटीस लागली तेव्हा आपलं मोठं भांडण झालं. समिती तेव्हाच निघाली. तेव्हा तिच्या नावात ‘स्मृती’च्या जागी ‘बचाव’ होतं. मी निवेदन लिहून तुमच्याकडं सहीला आणलं. गरिबांची गाडी, जंगलाची जीवनवाहिनी, शतकाचा वारसा, असं बरंच काही होतं त्यात. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘चांगलं आहे,’ म्हणालात. ‘पण मी सही करणार नाही.’

‘का?’

‘बंद झाली ते बरं झालं.’

‘दाजी, त्या बायका आता बाजाराला कशा जाणार?’

‘तीनचाकी मोटार-छकड्यात बसून जातात. लवकर पोचतात. कालच एक भेटली होती.’

‘आणि वारसा?’

‘वारसा तुम्ही घ्या. मी गुडघे घेतले आहेत.’

मी चिडून उठलो. तुम्ही चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत सोडायला आलात आणि वाटेत म्हणालात, ‘निवेदनात “जीवनवाहिनी” काढून टाका. ते अँब्युलन्सवर लिहिलेलं असतं.’ मी ते काढलं नाही. निवेदन गेलं, उत्तर आलं नाही, रूळ उचलायला माणसं आली. मग समितीनं नावातला ‘बचाव’ खोडून ‘स्मृती’ घातला आणि लेटरहेड नवं छापलं. आमच्या समितीनं आजवर पूर्ण केलेलं एकमेव काम ते.

तुमच्यावर चिडायला मला नेहमीच सोपं गेलं. आभार मानायला कधी जमलं नाही, आणि तुम्ही ते मानू दिलेही नसते. पण माझं लिहिलेलं शेवटच्या ओळीपर्यंत ऐकणारा माणूस सुरतेत एकच होता, आणि तो दर पानाला हरकत घ्यायचा. आता मी वाचून दाखवतो तेव्हा लोक ‘वा’ म्हणतात आणि फोन बघतात.

आणि आणखी एक. सुरतेच्या शाळेत लागण्याआधी मी लाईनवरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत ऊसतोड मजुरांच्या मुलांना शिकवायला जायचो. तुमच्या क्वार्टरमध्ये राहून, अक्काच्या हातचं खाऊन. मला सकाळी उठवत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. गाडी सुटून गेली की मी जंक्शनाबाहेरच्या पहिल्या फाटकाकडं शेतातून पळत सुटायचो. तिथं तुम्ही पल्ले उघडत असायचे. साधं लोखंडी फाटक, एका धक्क्यात उघडणारं. पण मी दिसलो की त्याची कडी अडकायची. तुम्ही वाकून बघायचे, डोकं खाजवायचे, पुन्हा बघायचे. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. बैलगाडीवाला शिव्या द्यायचा. मी मागच्या डब्यात चढलो की कडी सुटायची. ह्याबद्दल आपण कधी एक अक्षर बोललो नाही. मी धापा टाकत बसायचो आणि तुम्ही खिडकीबाहेर ऊस बघायचे.

म्हणून वऱ्हाडाच्या टेम्पोची गोष्ट तुम्ही मला खरी जशी होती तशी सांगितलीत तेव्हा मला ती पचली नाही. सगळ्या समाजाला ती पाठ होती. मीच किती लग्नांत रंगवून सांगितली असेल. तुम्ही पंगतीत असलात की ताटाकडं बघत बसायचे, आणि मला वाटायचं की हा विनय आहे.

गेल्या हिवाळ्यात गुडघ्याच्या डॉक्टरकडून आपण रिक्षानं परत येत होतो. पुलाखाली गर्दीत अडकलो. पुढं एक वरात होती, घोडा होता, डीजे होता. रिक्षावाला वैतागून हॉर्न वाजवत होता. तुम्ही त्याला म्हणालात, ‘भाई, रहने दो. उन को जाने दो.’ आणि मग मला म्हणालात, ‘मास्तर, तुम्ही ती गोष्ट चुकीची सांगता.’

‘कुठली?’

‘टेम्पोची.’

मग तुम्ही सांगितलंत. मी आता ते इथं लिहितो आहे, कारण बापूसाहेबांचं भाषण कुणीतरी फोनवर टिपलंय आणि ते गटागटांतून फिरतंय. दुसरी बाजू निदान एका कागदावर असू द्या.

सुरतेहून निघालेलं खान्देशी वऱ्हाड एका फाटकाला अडलं होतं. गाडी पार झाली, तुम्ही पल्ले उघडले, टेम्पो निघाला आणि नेमका रुळांवर बंद पडला. तुम्ही ढकलायला गेलात. वऱ्हाडातले दोघंतिघं उतरले, नवरदेवाचा बापही उतरला. टेम्पो ढकलून पलीकडं नेला तोवर मागच्या डब्यात बसलेल्या गार्डानं फाटक उघडं पाहिलं, तुम्ही चढलात असं समजून शिटी मारली, आणि गाडी गेली.

लोक इथं हसतात. मीही सांगताना इथं जरा थांबायचो, हसू यावं म्हणून.

मग वऱ्हाडानं तुम्हाला टेम्पोत घेतलं. पुढच्या फाटकापर्यंत रस्ता लाईनच्या कडेनंच जातो. नवरदेवाच्या बापानं तुम्हाला स्वतःच्या शेजारी बसवलं. पाहुण्यांना देण्यासाठी आणलेल्या टोपी-टॉवेलांतली एक टोपी काढून तुमच्या डोक्यावर घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. ‘आमच्यासाठी तुमची गाडी गेली, आता तुम्ही आमचे पाव्हणे,’ असं म्हणाला. नवरदेव हसत होता. कुणीतरी तुमच्या हातात बुंदी दिली. नोकरीत पहिल्यांदाच कुणी तुम्हाला गाडीत बसवून घेत होतं आणि मागं धावायला लावत नव्हतं.

पुढच्या फाटकाशी गाडी उभी होती. उभीच राहणार, फाटक बंद करायला माणूस नाही आणि फाटक उघडं असताना गाडी न्यायची नाही, हा नियम. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला होता. प्रवासी उतरून उसात शिरले होते. कोण ऊस मोडत होतं, कोण आडोशाला गेलं होतं, बायका बांधावर बसून विड्या ओढत होत्या.

‘नवरदेवाचा बाप म्हणाला, आधी आम्ही निघतो, मग तुम्ही बंद करा,’ तुम्ही सांगितलंत. ‘मुहूर्त जवळ आला होता. मी टेम्पोतून उतरलो आणि फाटक बंद केलं.’

‘नियमच आहे, दाजी,’ मी म्हटलं. ‘गाडीला आधी वाट.’

‘गाडी उभी होती, मास्तर.’

‘पण केव्हाही निघाली असती.’

‘कशी निघाली असती? प्रवासी उसात होते. त्यांना हाका मारून, मोजून, चढवून गाडी निघाली तोवर मी त्यांचा टेम्पो बंद फाटकाशी उभा ठेवला. त्यांचीच टोपी डोक्यावर घालून.’

‘मुहूर्त?’

‘गेला.’

रिक्षासमोरच्या वरातीत कुणी फटाके लावले. तो आवाज संपल्यावर मी विचारलं,

‘मग बंद का केलंत?’

‘फाटक दिसलं की हात जातो. हात आधी गेला. माणसं मला मागाहून दिसली.’

मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी म्हटलं, ‘माझ्यासाठी तर कडी अडकायची.’

तुम्ही पहिल्यांदाच ती गोष्ट नाकारली नाही. ‘तुम्ही घरचे होता,’ म्हणालात. मग थोडं पुढं जाऊन: ‘आणि त्यांनी टोपी घातली होती. म्हणजे तेही घरचेच झाले की.’

‘नंतर काही बोलले का ते?’

‘शिव्या दिल्या. देणारच. पण टोपी परत मागितली नाही. मागितली असती तर बरं झालं असतं.’

घर आलं. मी पैसे देत होतो तोवर तुम्ही रिक्षाला धरून उतरलात आणि तिथंच, उभ्या उभ्या, ते सांगितलंत. ‘मी गेल्यावर तुम्ही लोक तिथं काहीतरी उभं कराल. आपला समाज मला माहीत आहे. काहीही करा, माझ्या नावानं फाटक करू नका.’

‘तुम्ही कुठं जाताय इतक्यात?’ असं मी म्हटलं. असं म्हणायची पद्धत आहे.

‘बसायला बाक ठेवा पाहिजे तर,’ म्हणालात आणि आत गेलात.

नियम बरोबर होता की नव्हता, हा वाद मी पुन्हा काढणार होतो. मला अजूनही वाटतं की उघड्या फाटकातून रेल्वे न्यायची नाही हा नियम ज्यानं केला तो शहाणा होता, आणि तुम्ही तो पाळलात ह्यात चूक एवढीच की त्या दिवशी तो पाळायची गरज नव्हती. एवढीशी चूक घेऊन माणूस इतकी वर्षं पंगतीत ताटाकडं बघत बसतो का? माझ्याकडं तुमच्यासाठी चांगला मुद्दा तयार होता. उन्हाळा आला, तुमची धाप वाढली, मी मुद्दा पुढं ढकलत गेलो. आता तो घेऊन मी काय करू?

बेसण्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात समितीची बैठक झाली. मी बाकाचा ठराव मांडला.

‘मास्तर, बाक ही कल्पना सुंदर आहे,’ बापूसाहेब म्हणाले. ‘पण उद्घाटन कसं करायचं? फीत कशाला बांधायची?’

‘बाकाच्या दोन हातांना बांधू.’

‘आणि पाहुणे कापून काय करणार? बसणार?’

‘बाकावर बसतातच.’

बैठकीत हशा झाला. बापूसाहेबांनी मला प्रेमानं खांद्यावर थोपटलं आणि ठराव बारगळला. मी तुमचं म्हणणं तिथं सांगितलं नाही. तुमच्या तोंडची ती टेम्पोची गोष्ट त्या खोलीत काढली असती, तर तिच्यावरही त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. ‘काय संवेदनशील माणूस!’ म्हणाले असते. फ्लेक्सवर आणखी एक ओळ चढली असती.

निलेशला सांगून पाहिलं. तो मार्केटला निघाला होता, मोटारसायकलवर बसलेला. ‘मामा, पप्पा ना बोले होंगे गुस्से में. बन रहा है तो बनने दो ना. अपना क्या जाता है?’ तो सुरतेत वाढलेला मुलगा आहे, दाजी, त्याला प्रत्येक गोष्टीत आपलं काय जातं हे लगेच दिसतं. तुमचं काय जात होतं ते कसं दाखवणार?

शेवटी अक्का राहिली. मी टाळत होतो. तिनं वाडीत मान वर केलेली मी पाहिली होती. नवरा गेलेल्या बाईला जाऊन सांगायचं की तुझ्या नवऱ्याच्या नावानं जे काही होतंय ते त्यालाच नको होतं; असं काम मेहुण्याच्या गळ्यात घालून माणूस निघून जातो, ही कुठली रीत? सबंध रस्ताभर मी तुमच्याशी भांडत गेलो.

ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. शेजारच्या गाळ्यातले लूम चालू होते, त्यामुळं मला सगळं मोठ्यानं बोलावं लागलं. नाजूक गोष्ट ओरडून सांगायची वेळ आली. मी सांगितली. रिक्षा, टोपी, ऊस, फाटक नको.

तिनं सूप खाली ठेवलं नाही. ‘भाऊ, माले माहीत शे,’ म्हणाली. ‘त्या माले बी सांगी गयात.’

म्हणजे तुम्ही तिलाही सांगितलं होतंत! मग मी कशाला होतो? तिनं ऐकलं नाही तर साक्षीदार असावा म्हणून?

‘मग अक्का, नाही म्हणून कळवतो मी त्यांना.’

‘कसाले?’

‘त्यांना नको होतं ना.’

आता तिनं सूप ठेवलं. ‘तेस्ले नको व्हतं. माले पाहिजे.’

मी तिच्या शेजारी ओट्यावर टेकलो.

‘जलमभर लोके तेस्ले “ए फाटक” म्हणेत,’ ती म्हणाली. ‘ए फाटक, उघड. ए फाटक, मरना का? नाव कोन्ही लिधं नई. मी डबा लई जाऊ तवय माले बी इचारेत, फाटकनी बायको का? एकदाव तरी फाटकवर तेस्नं नाव राहू दे. लोके वाचतीन.’

मग तिनं पुन्हा तांदूळ घेतले. निवडता निवडता म्हणाली की त्या टोपीच्या दिवशी तुम्ही घरी येऊन जेवला नव्हतात, आणि टोपी तिनं धुऊन ठेवली होती, आणि तुम्ही ती कधी घातली नाही. म्हणून निलेशच्या बारशाला तिनं ती एका पाहुण्याला देऊन टाकली. टोपी चांगली होती, म्हणाली. वाया कशाला घालवायची?

दाजी, तुमच्या ह्या घरात मला कधी कुणाचं पूर्ण चूक आहे असं म्हणता आलेलं नाही, आणि त्याचा मला आता खरोखर वीट आला आहे. तुम्हाला फाटक नको, कारण त्यानं तुम्ही घरच्या माणसांना अडवलंत. तिला फाटक हवं, कारण त्याच्यामागं तुमचं नाव झाकलं गेलं. मधे मी. मी तुम्हाला शब्द दिला नव्हता हे खरं. तुम्ही तो घ्यायला थांबलाच नाहीत, आत गेलात. पण तुमची ना माझ्यापाशी होती आणि मी ती सोडून दिली. तिच्या बाजूनं गेलो. तुम्ही असता तर आठवडाभर माझ्या घरी आला नसता. आणि मग आला असता.

बापूसाहेबांना मी फक्त एवढं सांगितलं की फाटकाचं काम मी बघतो. त्यांना आनंद झाला. त्यांना पाहुणे बघायचे होते. मी ग्रामपंचायतीत गेलो. रस्त्यावर काहीही उभं करायला सरपंचबाईंनी साफ नकार दिला. उसाचे ट्रक जातात, म्हणाल्या, कुणी येऊन आदळलं म्हणजे? मी त्यांच्याशी अजिबात वाद घातला नाही. रस्त्याच्या कडेला, जिथून रूळ उचलून नेलेत तिथं, बाभळीखाली जागा मिळाली. तिथून रस्ता दिसतो. कुणाला तिथं थांबावं लागणार नाही.

नावाची पाटी अक्कानं पसंत केली आहे. ‘लोहमार्गाचा तपस्वी’ मी काढायला लावलं. फक्त हिलाल गोरख, एवढंच. ‘कै.’ लिहायचं का असं पेंटरनं विचारलं तर तिनं नको म्हटलं.

फाटक कामरेजच्या एका फॅब्रिकेटरकडं बनवायला टाकलंय. परवा माप द्यायला गेलो. त्यानं जुन्या फाटकाचा फोटो नीट पाहिला आणि रोज किती वेळा उघडबंद होणार ते विचारलं. मी म्हटलं, नाही होणार. रस्ता बाजूनं जातो आणि गाडी येत नाही.

‘तो साहब, मिजागरा किसलिए?’ तो म्हणाला. ‘खाली-पीली जंग पकड़ेगा. सीधा वेल्ड मार देता हूँ.’

मी हो म्हटलं. फाटकाला बिजागऱ्या नाहीत.